मिलिटरीचा कंडम ट्रक : घर, बोट की नुसती हौस?

करवीरकर काका
एका गृहस्थांची पोस्ट सगळीकडं फिरतीय. लष्करानं लिलावात काढलेला स्टॅलियन ट्रक घ्यायचा, मागं झोपायची खोली नि ओटा बांधायचा, अकरा महिने फिरायचं आणि पूर आला की तोच गावाच्या सुटकेला काढायचा. खाली 'नाद खुळा'ची रांग. कागदांचं एकानंही विचारलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काय म्हणतं? नोंदणीतल्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावलं. त्यात १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं भरलेल्या सरकारी गाड्यांची नोंदणीच संपते, त्या स्क्रॅप केंद्रात मोडायच्या. लष्कराला सूट आहे ती लढाईच्या खास गाड्यांपुरती. उद्या कुठं ठोकलं तर विमावाला आधी मागं बांधलेला खोलीचा डबा बघणार आणि हात वर करणार.

आणि पुराचं तर सांगूच नका. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, धोका पातळी ४३. शिरोलीत हायवेच पाण्याखाली. हा ट्रक कुठल्या रस्त्यानं जाणार होता?

उद्यमनगरचा फिटर
काका, गाडी बघितलीय की नुसता कायदा वाचलाय? आरटीओची आधी परवानगी काढून बदल नोंदवायची वाट त्याच कायद्यात हाय. फोटोत लोकांना डबा दिसतो, मेख असते चासीत, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यात. फोर बाय फोरचं, म्हणजे चारी चाकांना जोर असलेल्या गाडीचं, एक चाक खड्ड्यात गेलं की चासी पिळते. पिळायलाच पाहिजे, तशीच बनवलीय. त्यावर डबा थेट वेल्डिंगनं ठोकला तर पहिल्या घाटात दाराचा कोपरा फाटतो. म्हणून मधी वेगळी फ्रेम टाकायची, बोल्टाला स्प्रिंग द्यायची. चासी पिळंल, डबा सरळ राहील. आणि चोवीस व्होल्टच्या वायरिंगला घरातले बारा व्होल्टचे दिवे जोडून उडवणारे महाभाग आमच्याच गल्लीत हायत, ते वेगळं.

शिरोळचा बाळू
आमच्याकडं बोटी यायच्या आधी ट्रॅक्टर-ट्रॉलीनं माणसं काढली. आमची आजी खताच्या पोत्यांवर बसून आली आणि वाटभर म्हशीच्या नावानं रडत होती. स्टॅलियनमध्ये तिला चढवायला शिडी लागली असती. पण पाणी ओसरल्यावर जो चिखल होतो त्यात वैरण-औषधं न्यायला असली गाडी पाहिजे होती, हे बी खरं.

सुभेदार (निवृत्त), सैनिक टाकळी
ट्रक कुणाला पाहिजे तो घ्या. रंगाचं काय? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१ : संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुणी ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. इथं ज्याला त्याला फौजी दिसायचंय. फौजेत जायला कुणी तयार नाही.

रंकाळ्याचा जिप्सीवाला
साहेब, माझी जिप्सी डिस्पोजलचीच, फौजेच्या लिलावातली. रंग मी मारला नाही, फौजेनंच मारलाय. तो खरवडून काढू काय?

सुभेदार
होय. लिलावात गाडी तुझी झाली, रंग नाही.

जिप्सीवाला
आणि शोरूममधनं जो हिरवा येतो तो चालतो?

सुभेदार
तो गर्द हिरवा. डोळे तपासून घे. टोलनाक्यावर असल्याच एका जीपला पोरानं सलाम ठोकून सोडलेलं मी स्वतः बघितलंय. आत चार टोळभैरव, डॅशबोर्डवर बाटली. आम्ही हा रंग बर्फात घालून उभे होतो.

जिप्सीवाला
बाटलीचा राग माझ्यावर का काढताय? मी माळकरी माणूस हाय. बिंदू चौकात फौजी जाकीट विकतात, त्यांना आधी धरा!

उद्यमनगरचा फिटर
रंग बदलायला गाडी उघडी करावी लागते, रबरं, काचा, सगळं काढून. वरनं फवारा मारला की महिन्यात खालचा हिरवा डोकावतोय. फुकटात होत नाही सुभेदार.

करवीरकर काका
धागा ट्रकचा होता, रंगपंचमीचा नाही. फिटरसाहेब, तुमचा डबा फाटणार नाही, अभिनंदन. बाळूचंही धरलं. म्हणजे पोस्टवाल्यांची बोट उतरून वैरणीच्या उंच टेंपोवर आली. आता त्याचं डिझेल ग्रामपंचायत घालणार, की तेही 'नाद खुळा'वर चालतं?

उद्यमनगरचा फिटर
डिझेलचं सोडा. आडरानात पाच टन, डांबरीवर साडेसात टन ओढणारी गाडी ती, मागं सिंगल आणि भलं मोठं टायर. गावात ते उतरवणारा एक तरी पंक्चरवाला दाखवा, मग मी बी गप बसतो.

जिप्सीवाला
ठरलं. दिवाळीला जिप्सी पांढरी करतो. खूश?

सुभेदार
पांढरी कर, काळी कर. नंबरप्लेटशेजारी चिकटवलेला फौजी गाडीचा बाण आजच काढ.