मदत हवी आहे: थंडीत उगवणाऱ्या भाताचे जनुक स्थानिक वाणांत कसे तपासावे?

नमस्कार. कोल्हापूरच्या पश्चिम भागात उन्हाळी भाताचे तरवे थंडीतच टाकावे लागतात आणि पारा १५ अंशांपर्यंत उतरला की मोड फुटायला फार दिवस लागतात. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये ‘इटालिका लिव्होर्नो’ या वाणातून तिसऱ्या गुणसूत्रावरील ‘क्यूएलटीजी३-१’ हे थंडीत उगवणीला मदत करणारे जनुक वेगळे केले. अंकुरताना गर्भाला झाकणाऱ्या ऊती त्यामुळे सैल होतात, म्हणून कोंबाला बाहेर पडणे सोपे जाते. हा गुण एकट्या जनुकावर ठरत नाही, हे मला मान्य आहे. तरीही आजरा घनसाळसारख्या आपल्या वाणांत त्याचे कोणते रूप आहे, हे तपासावेसे वाटते. आधी १५ अंशांवर उगवण चाचणी घ्यावी की थेट डीएनए तपासणी करावी? ताज्या बियाण्याची सुप्तावस्था (बी जिवंत असूनही काही काळ न उगवणे) निकालात मिसळू नये म्हणून काय करावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.