समुपदेशकाआधी रिक्षावाला दादा

गुन्ह्यात सापडलेल्या पोरांना सावरायला "प्रशिक्षित समुपदेशकच हवा, पोरं पोरांना काय सांगणार" असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. गोवंडीतल्या आमच्या अभ्यासिकेत, डोंगरीच्या निरीक्षणगृहात (गुन्ह्याच्या चौकशीदरम्यान अल्पवयीनांना ठेवतात तिथे) राहून आलेला एकजण सिक्युरिटीच्या नोकरीचा फॉर्म घेऊन बसलेला. 'पूर्वीचा गुन्हा' या रकान्यावर पेन अडलेलं. मी चहा मागवला, समजावलं, ढिम्म. मग त्याच वाटेने गेलेला, आता रिक्षा चालवणारा दादा आला. "माझंपण इथंच अडलेलं. चल, वकीलबाईंना विचारू."

बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम २४ मला तिथे कळलं: अठराच्या आत दोषी ठरलं तरी पुढे त्यापायी अपात्रता येत नाही (सोळावरच्यांवर सज्ञान म्हणून चाललेले खटले सोडून). आणि पदवीधर मी! फॉर्म रिक्षाच्या मागच्या सीटवर भरला.