आजोबांची ठासणीची बंदूक आणि भावाचा ऑटोमॅटिकचा हट्ट: सल्ला हवा

कलमवाला_देवगड
नमस्कार मंडळी. आमची हापूसची कलमं आहेत, खाली थोडं भात. आजोबा गेल्या महिन्यात वारले. त्यांची शेती संरक्षणाची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक होती, परवाना त्यांच्याच नावावर. ती अजून माळ्यावर गोधडीत आहे. दस्ता फुटला तेव्हा त्यांनी आवळलेली तांब्याची तार आता हिरवी पडलीय. पावसाळ्यात डुकरं एका रात्रीत भाताचे कुणगे (छोटी शेतं) उकरून टाकतात, कैरी धरली की वानर. मुंबईचा चुलतभाऊ म्हणतो, ही मोडीत काढ, ऑटोमॅटिक रायफल घेऊ, पैसे मी देतो. मिळते का? आणि आजोबांची माझ्या नावावर कशी करायची?

वकील_ओरोस
ऑटोमॅटिक राहू दे, माळ्यावरची बंदूक ही खरी अडचण आहे. आजोबा गेले तेव्हाच त्यांचा परवाना संपला. शस्त्र अधिनियम 1959, कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची असते. आधी ठाण्यात फोन करा, कशी आणायची ते विचारा. जमा केल्याची पावती घ्या. विनापरवाना सापडली तर 2019 च्या दुरुस्तीपासून किमान 2 वर्षं, कमाल 5 वर्षं कैद. "आजोबांची आहे हो" म्हणून सुटका नाही.

मग वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, सातबारा जवळ ठेवा. काका, आत्या, सगळ्या वारसांची ना हरकत लागते. लग्न होऊन गेलेल्या आत्याची सही हमखास राहते आणि फाईल तिथंच अडते.

आता भावाचा प्रश्न. घोडा दाबून धरला की तो सोडेपर्यंत किंवा गोळ्या संपेपर्यंत सुटत राहतं, ते कायद्याच्या व्याख्येत निषिद्ध शस्त्र. कलम 7 नुसार केंद्र सरकारच्या विशेष परवानगीशिवाय बाळगता येत नाही. शेतीसाठी ती मिळेल ही आशाच सोडा. चोरून आणलं तर 7 ते 14 वर्षं. पिकासाठी कायद्यात मुळात ठासणीची बंदूक आहे आणि ती बहुतेकदा पुरते.

खाडीकाठ_श्रीवर्धन
भावाला हेही सांगा. फेब्रुवारी 1993 मध्ये आमच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रं आणि स्फोटकं उतरली आणि मार्चमध्ये मुंबई हादरली. तेव्हा मी शाळेत होतो. नंतर कितीतरी दिवस पोलिसांच्या गाड्या गावात, घरोघर चौकशी. असलं शस्त्र घरात नको म्हणजे नको.

रानमाणूस_संगमेश्वर
बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. डुक्कर, वानर दोन्ही 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. डुक्कर मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. नुसता बार काढला तरी वानरांचा कळप पांगतो, माझं काम तेवढ्यावर भागतं. नुकसान झालं की पंचनामा मात्र लगेच करून घ्या, भरपाई मिळते. आणि निवडणूक लागली की बंदूक जमा करायची नोटीस येऊ शकते, तेव्हा वाद घालू नका.

अजून एक. जुन्या ठासणीत कधीकधी बार भरलेलाच राहिलेला असतो. घोड्याला हात लावू नका, नळी माणसाकडे करू नका. ठाण्यात गेल्यावर हे पहिलं सांगा.

कलमवाला_देवगड
हे माझ्या डोक्यातच नव्हतं. माळ्याची शिडी काढून ठेवली, पोरं वर चढतात. ठाण्यात फोन झाला, उद्या सकाळी हवालदार येतोय. आत्या मालवणला असते, रविवारी सहीला जातो.