सी ची लायब्ररी पायथॉनमधून: ३२ बिटवर चालते, ६४ बिटवर पडते

उद्यमबागवाला
फौंड्रीत भट्टीच्या टेंपरेचर मीटरमधून आरएस-४८५ (सिरियल वायर) वर आकडे घ्यायचेत. लिबमॉडबस ही मीटरशी मॉडबसमध्ये बोलणारी सी ची लायब्ररी, ती सीटाइप्समधून (पायथॉनमधून सी ची फंक्शनं बोलवायची सोय) पायथॉनला जोडली. जुन्या ३२ बिट रास्पबेरी पायवर बिनतक्रार चालत होती. आता ६४ बिट लिनक्सचा पीसी आलाय. त्याच्यावर मॉडबस_न्यू_आरटीयू गुमान पार होतं, आणि पुढच्याच ओळीला, मॉडबस_सेट_स्लेव्हला, सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीत भलत्या जागी हात घातला म्हणून प्रोग्रॅम बंद. कुठं चुकलं ते सांगणारा ट्रेसबॅकपण नाही. कोड तोच आहे. मालक सारखे येऊन बघायलेत.

निपाणीकर
पायमॉडबस आहे की ओ, अख्खी पायथॉनमधली. सी च्या नादाला कशाला लागताय?

उद्यमबागवाला
शेजारच्या मशीनचा सी प्रोग्रॅमपण लिबमॉडबसवरच आहे. दोन-दोन लायब्ऱ्या सांभाळायला माणूस कुठाय?

मलप्रभाकाठ
कोड न बघताच सांगते, रेसटाइप (फंक्शन काय प्रकारचं परत देतं ते) लिहिलेला नसणार. सीटाइप्सला तुम्ही काही सांगितलं नाही तर प्रत्येक फंक्शन इंट (पूर्णांक) परत देतं असं ते धरून चालतं. न्यू_आरटीयू देतं पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता. ३२ बिटवर इंट आणि पॉइंटर दोन्ही ४ बाइटचे, म्हणून निभावलं. ६४ बिटवर पॉइंटर ८ बाइटचा, त्यातले वरचे ४ कापले जातात आणि उरलेला पत्ता सेट_स्लेव्हला जातो.

नुसतं रेसटाइपला सी_व्हॉइड_पी (कशाचाही पॉइंटर) लावून थांबू नका. पॉइंटर पायथॉनमध्ये साधा आकडा होऊन येतो, आणि आर्गटाइप्स (फंक्शनला काय प्रकारचं द्यायचं ते) नसतील तर तो परत देताना पुन्हा इंट म्हणूनच जातो. बरेच जण इथं अडकतात. मी असते तर मॉडबस_टी नावाचं रिकामं स्ट्रक्चर करून त्याचा पॉइंटर रेसटाइपला दिला असता, आणि बाकीच्या फंक्शनांच्या आर्गटाइप्समध्येपण तोच. मग चुकून दुसरं काही दिलं तर पायथॉन तिथंच अडवतं.

उद्यमबागवाला
चालू झालं, ताई! पण आकडे काहीच्या काही. जुनं मीटर पूर्णांक द्यायचं, हे नवीन दोन रजिस्टरांत (मॉडबसची १६ बिटची घरं) फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, देतंय. मॉडबस_गेट_फ्लोट_एबीसीडी लावलं तर दर वेळी काहीतरी भलताच आकडा.

मलप्रभाकाठ
त्याचा रेसटाइप सी_फ्लोट केलाय का? नसेल तर तिथंपण इंट धरलं जातंय. फ्लोट प्रोसेसरच्या वेगळ्या रजिस्टरमधून परत येतो, सीटाइप्स भलतीकडंच बघतंय. बफर सी_यूइंट१६ चा, दोन घरांचा घ्या. तरी जमलं नाही तर सीडीएबी लावून बघा, मीटरवाले १६-१६ बिटच्या दोन भागांची अदलाबदल करतात.

उद्यमबागवाला
सीडीएबीच होतं. १४१२ दाखवायलंय, मीटरवरपण तेच. आता वायर निघाली तर नुसतं उणे १ येतंय. कारण कसं कळणार?

मलप्रभाकाठ
सीडीएलएलला (लायब्ररी उघडता ती ओळ) यूज_एररनो=ट्रू द्या. उणे १ आलं की लगेच सीटाइप्सच्या गेट_एररनोमधून एररचा नंबर घेऊन मॉडबस_स्ट्रएररला द्या, ते कारण शब्दांत सांगतं. त्याचा रेसटाइप सी_चार_पी (मजकुराचा पॉइंटर), तो विसरलात तर परत पहिल्यासारखंच पडेल.