पाळीव उंदरांच्या पिल्लांना हात लावणं आणि नराचं काय
माणसाचा हात लागला की आई पिल्लं खाते असं म्हणतात, पण ते माणसाळलेल्या उंदरांना सहसा लागू होत नाही. मादीला खाऊ दाखवून बाजूला घ्या, हात तिच्याच बिछान्यात घासा आणि पिल्लं पाहा. बघायचं ते पोट: पहिले काही दिवस कातडी इतकी पातळ असते की आतल्या दुधाचा पांढरा पट्टा बाहेरून दिसतो. तो दिसत नसेल तर पिल्लू उपाशी आहे.

आता नराबद्दल. व्यायल्यावर २४ तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते, म्हणून नर आधीच वेगळ्या पिंजऱ्यात हवा; नाहीतर ही पिल्लं दुधावरून सुटतात न सुटतात तोच दुसरं वेत. आणि घरट्यात कापूस नको, तंतू पिल्लांच्या पायांना आवळतात. बिनवासाचा टिश्यू पेपर फाडून द्या.