वडिलांच्या नावावरचा फ्लॅट विकायचाय. नॉमिनी आई आहे, तरी बँकेचा वकील अडून बसलाय

कोथरूडकर_७९
कोथरूडला सोसायटीतला फ्लॅट. १९९६ चा नोंदणीकृत करारनामा वडिलांच्या एकट्याच्या नावे. ते २०२१ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. नॉमिनी आई, शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव चढलंय. आम्ही दोघं भावंडं, बहीण अमेरिकेत (ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेली भारतीय वंशाची). आजी, म्हणजे वडिलांची आई, २०२३ मध्ये गेली. आजोबा फार पूर्वीच गेलेत. १ कोटी २० लाखांना सौदा ठरलाय. घेणाऱ्याच्या बँकेचा वकील म्हणतो, आईच्या एकटीच्या सहीवर भागणार नाही, सक्सेशन सर्टिफिकेट आणा. सोसायटी म्हणते, शेअर सर्टिफिकेट आहे ना, मग झालं. नक्की काय करायचं?

जुना_दस्त
वकील निम्मा बरोबर. नॉमिनेशनने सोसायटीने कोणाला सभासद धरायचं एवढंच ठरतं, मालकी ठरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्याच्या कलम १५४ब-१३ मध्ये नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घ्यायचं, असंच म्हटलंय. पण सक्सेशन सर्टिफिकेट ठेवी, येणी, रोखे यांसाठी असतं. घरासाठी मागायचाच तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा. त्यात जाहीर नोटीस, हरकतींची मुदत असे महिने जातात. वारसांत वाद नसेल तर आधी लेखी विचारा: सगळे वारस विक्रेते म्हणून सही करणार असतील, सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र देणार असतील, तर दाखल्याशिवाय चालेल का?

खरी मेख तुम्ही एका वाक्यात उरकलीत: आजी. हिंदू वारसा कायद्यात मृताची आई पहिल्या वर्गाची वारस असते. वडील गेले तेव्हा त्या हयात होत्या, म्हणजे आई, तुम्ही, बहीण आणि आजी, प्रत्येकी एक चतुर्थांश. आजीचा तो चतुर्थांश २०२३ मध्ये तिच्या मुलांकडे गेला. काका, आत्या किती?

कोथरूडकर_७९
एक काका, एक आत्या. दोघांचा काही दावा नाही, कागदावर द्यायला तयार आहेत.

जुना_दस्त
मग आजीच्या हिश्शाचे तीन भाग: काका, आत्या आणि तुमचे वडील. वडिलांचा भाग तुम्हा दोघा भावंडांत. आईला त्यातलं काही येत नाही, कारण सासूच्या वारसांत सून नसते. २४ भाग धरले तर आई ६, तुम्ही ७, बहीण ७, काका २, आत्या २. 'दावा नाही' हे साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून उपयोग नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, दुय्यम निबंधकाकडे.

मुद्रांक_विक्रेता
वारशाने आलेल्या मिळकतीत भावाच्या वारसांच्या नावे हक्कसोड असेल तर मुद्रांक सध्या ५०० रुपये. मात्र दस्तात मोबदल्याचा आकडा घालू नका, घातलात तर पूर्ण मुद्रांकाचा प्रश्न उभा राहतो. काका आणि आत्या एकाच दस्तात आईच्या नावे सोडू शकतात. मसुद्यात वडील आणि आजी दोघांच्या मृत्यूच्या तारखा हव्यात, नाहीतर वकिलाच्या मालकी शोध अहवालात पुन्हा तीच शंका निघते.

बहिणीकडून मात्र हक्कसोड घ्यायच्या फंदात पडू नका, जर तिला पैसे द्यायचेच असतील. आधी फुकट सोडायचं आणि विक्रीनंतर तिच्या खात्यात पैसे टाकायचे, हे कागदावर भेट ठरतं आणि विचारणा झाली की उत्तर देताना त्रेधा उडते. तिला विक्रेती म्हणूनच ठेवा. लग्नानंतरचं नाव पॅन आणि पासपोर्टवर सारखं आहे का, तेही आत्ताच बघा.

टीडीएसचा_कंटाळा
बहिणीच्या बाबतीत घेणारा चुकतो आणि नोटीस त्यालाच येते. काका-आत्यांनी आईकडे सोडलं की आईचे ५० लाख, तुमचे ३५, बहिणीचे ३५. तुमच्या आणि आईच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, म्हणजे घेणाऱ्याने पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर. हिस्सा ५० लाखांच्या आत असला तरी सूट नाही. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण किंमत बघतात. प्रत्येक विक्रेत्याचं चलन वेगळं. आईचं पॅन आधारला जोडलेलं नसेल तर कपात २० टक्क्यांवर जाते.

बहीण अनिवासी, तिला १ टक्का लागूच नाही. दीर्घकालीन नफ्याचा १२.५ टक्के अधिक ४ टक्के उपकर म्हणजे १३ टक्के, आणि आयकर विभागाचा दाखला हातात नसेल तर घेणारा पूर्ण ३५ लाखांवर कापतो: ४ लाख ५५ हजार. खरा कर नफ्यावरच असतो, म्हणून आयकर विभागाकडून कमी कपातीचा दाखला तिच्या नावे आधीच काढा. खरेदी २००१ च्या आधीची आहे, त्यामुळे १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, पण त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नाही. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या. इंडेक्सेशनसह (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरून) २० टक्क्यांचा पर्याय तुम्हाला आणि आईला आहे, बहिणीला नाही. तिचे पैसे एनआरओ खात्यातच, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात.

जुना_दस्त
बहीण येणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र: वकिलातीत, किंवा तिथला नोटरी आणि वर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचं प्रमाणीकरण). फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, विक्रीचा आणि नोंदणीला हजर राहण्याचा अधिकार स्पष्ट लिहा. नुसतं 'सर्व कामे' लिहिलं तर परत येतं. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक लावून घ्या. दस्ताच्या दिवशी ती हयात आहे आणि मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही, असं घोषणापत्र मागतात.

कोथरूडकर_७९
विसार आत्ता घेऊ का? घेणारा घाई करतोय.

मुद्रांक_विक्रेता
घ्यायचाच तर विसारपत्रात सगळ्या विक्रेत्यांची नावं घाला. मुदतही विसाराच्या तारखेपासून नाही, हक्कसोडपत्राची नोंदणी आणि बहिणीचा कमी कपातीचा दाखला यांतलं जे नंतर होईल तिथून मोजा. नाहीतर कागदपत्रांना उशीर झाला की मुदत मोडल्याचं खापर तुमच्यावर, आणि दुप्पट विसाराची मागणी. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला आत्ताच घ्या. नव्या मालकाच्या हस्तांतराला त्यांचा प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार, शिवाय ५०० रुपये हस्तांतर शुल्क आणि १०० प्रवेश फी. वर 'विकास निधी' मागितला तर लेखी मागा म्हणावं, सहसा तिथेच विषय संपतो.