म्हाताऱ्या ऱ्हिससच्या महाधमनीत कॅल्शियम. फॉन कोसा कोरा का?

स्लाइडवाला: २६ वर्षांच्या ऱ्हिसस माकडाचं शवविच्छेदन. पोटातली महाधमनी कापताना कात्री करकरते. एच अँड ईवर (हेमॅटॉक्सिलिन-इओसिन, नेहमीचं रंजन) भिंतीच्या मधल्या थरात निळसर-जांभळे कण स्पष्ट दिसतात, पण फॉन कोसा (खनिजांचे साठे काळे दाखवणारं चांदीचं रंजन) जवळपास कोरा. मूत्रपिंडंही आकसलेली. याला नुसतं वय म्हणावं का?

जांभळी शाई: सिल्व्हर नायट्रेट ५ टक्के घेऊन, प्रखर उजेडात २० मिनिटं ते तासभर ठेवलं होतं ना? खोलीतल्या मंद ट्यूबलाइटखाली चांदी काळी पडतच नाही. आधी आणि नंतर डिस्टिल्ड पाण्यानेच धुवायचं. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड चांदीचा साका करतं. मग ५ टक्के सोडियम थायोसल्फेट ५ मिनिटं, पार्श्वभूमीला लाल रंग देणारं न्यूक्लियर फास्ट रेड ५ मिनिटं. सोबत खात्रीची पॉझिटिव्ह स्लाइड नसेल तर कोऱ्या निकालाला काही अर्थ नाही.

ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतींचा तुकडा) कडक लागला म्हणून कोणी डीकॅल्सिफाय, म्हणजे आम्लाने कॅल्शियम काढून, मऊ तर केला नाही ना? मग रंगवायला उरणार काय! बफर नसलेलं जुनं फॉर्मॅलिनही आम्लधर्मी होऊन कॅल्शियम विरघळवतं. १० टक्के न्यूट्रल बफर्डच वापरा, ब्लॉक बर्फावर गार करून नव्या ब्लेडने कापा. काप थोडा फाटला तरी चालतो.

धमनी_४२: फॉन कोसा मुळात फॉस्फेट दाखवतो, कॅल्शियम नाही. जोडीला अलिझारिन रेड एस (कॅल्शियमलाच धरणारा रंग) करा, पीएच ४.१ ते ४.३. रंग नारिंगी-लाल झाला की सूक्ष्मदर्शकाखाली बघत थांबवा, नाहीतर पसरतो.

जांभळी शाई: हो, हे दोन्ही हवेतच.

खाद्य आणि खनिज: वयाचा मुद्दा. ऱ्हिससचं एक वर्ष म्हणजे ढोबळमानाने माणसाची तीन, त्यामुळे इथे वय आहेच. पण आतल्या थरात चरबीसोबतचे साठे म्हणजे अॅथेरोस्क्लेरोसिस. मधल्या थरात लवचिक तंतूंच्या कडेने असतील तर आधी मूत्रपिंडांवर संशय घ्यावा. मूत्रपिंडं बिघडून रक्तात फॉस्फेट साचलं की भिंतीतल्या स्नायुपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. जठराचं अस्तर, फुप्फुसं आणि मूत्रनलिकांचे कापही रंगवा. तिथेही कॅल्शियम सापडलं तर नुसत्या वयावर ढकलता येणार नाही. खाद्याचं लेबलही तपासा: मार्मोसेटसारख्या अमेरिकी माकडांच्या खाद्यात ड३ जीवनसत्त्व मुद्दाम जास्त घालतात. ते ऱ्हिससला रोज पडत असेल तर धमन्यांत कॅल्शियम साचू शकतं.

स्लाइडवाला: फॉर्मॅलिन बफर नसलेलंच आहे. जठर आणि फुप्फुसं त्याच बरणीत आहेत, म्हणजे तिथला निकाल कोरा आला तरी धरायचा नाही.

धमनी_४२: बरोबर. गोठवलेला तुकडा शिल्लक असेल तर त्यावर करा.